ताण आला की पोट का बिघडतं? रात्रपाळी, जागरण आणि पोटाच्या घड्याळाची गोष्ट

निकालाच्या दिवशी पोटात गोळा येतो. वाईट बातमी ऐकली की घास घशाखाली उतरत नाही. कुणावर राग आला की पित्त खवळतं. मन आणि पोट यांचा संबंध मराठी माणसाला नवा नाही, तो आपल्या बोलण्यातच आहे.

पण रोज रात्री अकराला जेवणारा, दीडपर्यंत मोबाईल बघणारा आणि सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी शोधणारा माणूस हा संबंध सहसा लावत नाही. 'काल काय खाल्लं होतं?' एवढाच प्रश्न तो विचारतो. 'कधी खाल्लं होतं?' आणि 'खाताना डोक्यात काय चाललं होतं?' हे दोन प्रश्न राहूनच जातात.

गेल्या काही दशकांतल्या संशोधनातून असं दिसतंय की हे दोन प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत. आपल्या पोटाला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं आहे आणि स्वतःचं घड्याळही. ताणामुळे जाळ्यावर परिणाम होतो, जागरणामुळे घड्याळावर. दोन्ही एकत्र आले की पोटाची तक्रार सुरू होते.

पोटाला 'दुसरा मेंदू' का म्हणतात?

अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंतच्या भिंतींमध्ये चेतापेशींचं एक जाळं पसरलेलं असतं. त्यात १० कोटींहून अधिक चेतापेशी असतात, असा अंदाज आहे. अन्न पुढे ढकलणं, पाचक रस सोडणं, रक्तपुरवठा कमी-जास्त करणं ही कामं हे जाळं मेंदूच्या आदेशाची वाट न बघता करू शकतं. म्हणूनच त्याला 'दुसरा मेंदू' म्हणतात. कोलंबिया विद्यापीठातील संशोधक मायकेल गर्शन यांनी १९९८ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं आणि हा शब्द सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

हा दुसरा मेंदू विचार करत नाही, कविता लिहीत नाही. पण डोक्यातल्या मेंदूशी तो सतत बोलत असतो. या संवादाचा मुख्य रस्ता म्हणजे व्हेगस नावाची मज्जा. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू शरीराकडून मेंदूकडे निरोप नेणारे असतात. म्हणजे पोट मेंदूचं जेवढं ऐकतं, त्यापेक्षा जास्त ते मेंदूला सांगत असतं.

सेरोटोनिन हे रसायन आपण मूडशी जोडतो. शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मात्र पचनमार्गात तयार होतं. तिथे त्याचं मुख्य काम आतड्याची हालचाल सांभाळण्याचं असतं. 'आतड्यातलं सेरोटोनिन वाढवा, आनंदी व्हा' असं सांगणारे रील्स मात्र इथे घाई करतात. आतड्यातलं सेरोटोनिन थेट मेंदूत जात नाही.

ताण आला की आत नेमकं काय होतं?

याचे पहिले पुरावे मिळाले ते एका अपघातामुळे. १८२२ मध्ये अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुण कामगाराच्या पोटात बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जखम पूर्ण बुजली नाही. जठरापर्यंत जाणारं एक छिद्र कायम राहिलं. त्याच्यावर उपचार करणारे लष्करी डॉक्टर विल्यम ब्यूमाँट यांनी त्या छिद्रातून जठराचं काम वर्षानुवर्षं पाहिलं आणि १८३३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. राग किंवा भीती असताना जठराच्या आतल्या थराचं रूप बदलतं आणि पचन बिघडतं, हे त्यांनी त्यात नोंदवलं.

पुढे १८९०च्या दशकाच्या अखेरीस हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन यांनी नव्याने शोध लागलेल्या एक्स-रेच्या मदतीने मांजरांच्या जठराची हालचाल पाहिली. मांजर चिडलं किंवा घाबरलं की जठराच्या लाटा थांबत. ते शांत झालं की पुन्हा सुरू होत. 'लढा किंवा पळा' ही संकल्पना मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून हेच कॅनन पुढे ओळखले गेले.

समोर संकट दिसलं की शरीर आपली सगळी ताकद स्नायू, हृदय आणि फुप्फुसांकडे वळवतं. पचन हे त्या क्षणी बिनमहत्त्वाचं काम ठरतं. मेंदूतून सीआरएच हे संप्रेरक सुटतं, त्याच्यामागोमाग ॲड्रेनल ग्रंथींतून कॉर्टिसोल. त्याचा परिणाम मजेशीर वाटेल असा, पण भोगणाऱ्याला नकोसा असतो. जठराचं काम मंदावतं आणि मोठ्या आतड्याचं वाढतं.

म्हणूनच एमपीएससीच्या पेपरच्या सकाळी पोहे पोटात दगडासारखे बसून राहतात आणि त्याच वेळी शौचालयाच्या तीन फेऱ्या होतात. वर गाडी थांबलेली, खाली गाडी सुसाट, असा हा प्रकार.

पेपर संपला की बहुतेकांचं पोट पूर्वपदावर येतं. अडचण होते ती महिनोन्महिने चालणाऱ्या ताणाची. हप्ते, टार्गेट, घरातलं आजारपण, नोकरी टिकेल का याची धास्ती. वाघ समोरून जातच नाही, त्यामुळे शरीराचा भोंगाही बंद होत नाही. अशा वेळी आतड्याच्या नसा जास्त संवेदनशील होतात. इतरांना जाणवणारही नाही एवढा गॅस त्या माणसाला कळ म्हणून जाणवतो. 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतं का?' या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे. दुखणं खोटं नसतं. फक्त दुखण्याचा आवाज वाढवणारं बटण वर गेलेलं असतं.

ताणाचा परिणाम आतड्याच्या अस्तरावरही होतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांना लोकांसमोर भाषण करायला लावलं. ज्यांचं कॉर्टिसोल त्यामुळे वाढलं, त्यांच्या लहान आतड्याचं अस्तर काही काळ जास्त पाझरू लागल्याचं दिसलं. मात्र याच गोष्टीला 'लीकी गट' हे नाव देऊन इंटरनेटवर पावडरी आणि गोळ्या विकल्या जातात. असं स्वतंत्र निदान वैद्यकशास्त्राने मान्य केलेलं नाही.

शरीराचं घड्याळ म्हणजे काय?

१७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूच्या जातीचं एक झाड अंधारात ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. घड्याळ झाडाच्या आतच होतं.

माणसातही ते आहे. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या अगदी वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो डोळ्यांतून येणाऱ्या प्रकाशावरून दिवस-रात्र ओळखतो आणि झोप, शरीराचं तापमान, संप्रेरकं यांची वेळ ठरवतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, हे फळमाशीवरच्या प्रयोगांतून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण घड्याळ एकच नाही. यकृत, स्वादुपिंड, जठर, आतडी यांच्या पेशींमध्येही स्वतःची घड्याळं असतात. मेंदूतलं घड्याळ प्रकाशावर लावलं जातं, तर पचनसंस्थेतली घड्याळं मुख्यतः जेवणाच्या वेळेवर.

हे कसं कळलं? उंदीर रात्री जागतात आणि रात्री खातात. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांना फक्त दिवसा अन्न दिलं गेलं. काही दिवसांत त्यांच्या यकृताचं घड्याळ उलटं झालं. मेंदूचं घड्याळ मात्र जागच्या जागी राहिलं. एकाच शरीरात एक अवयव म्हणतोय दिवस आहे, दुसरा म्हणतोय रात्र.

पोटाचा २४ तासांचा दिनक्रम

सकाळी उठल्यावर मोठं आतडं जागं होतं. त्यात चहा-नाश्ता पोटात गेला की आतड्याला पुढे सरकण्याचा इशारा मिळतो. बहुतेकांना सकाळीच शौचाला होतं ते यामुळे. आयता मिळालेला हा इशारा घाईगडबडीत, लोकल पकडायच्या नादात रोज दाबून टाकला, की बद्धकोष्ठतेला निमंत्रण मिळतं.

दिवसा पचनाचा वेग चांगला असतो. रात्री तो मंदावतो. १९८७ मध्ये अमेरिकेत निरोगी पुरुषांवर झालेल्या अभ्यासात एकच जेवण सकाळी ८ला आणि रात्री ८ला देऊन पाहिलं गेलं. रात्रीचं घन अन्न जठरातून अर्धं बाहेर पडायला निम्म्याहूनही जास्त वेळ अधिक लागला. दुसरीकडे, जठरातलं आम्ल तयार होण्याचं प्रमाण रात्री उशिरा वाढतं.

आता हे दोन्ही एकत्र करा. रात्री साडेअकराला बिर्याणी किंवा पावभाजी खाऊन बाराला आडवं झालं, तर जठर भरलेलं, वेग कमी, आम्ल जास्त आणि शरीर आडवं. छातीत जळजळ होणार नाही तर काय?

दोन जेवणांमधल्या रिकाम्या वेळेचंही एक काम असतं. पोट रिकामं असताना साधारण दर दीड-दोन तासांनी जठर आणि लहान आतड्यातून एक जोरकस लाट जाते आणि उरलंसुरलं पुढे ढकलते. घरात जेवणं आटोपल्यावर ओटा पुसला जातो, तसंच हे. मात्र काहीही खाल्लं की ही लाट थांबते. दर तासाला बिस्किट, फरसाण, चहा सुरू असेल तर ओटा पुसायला वेळच मिळत नाही.

रात्रपाळी करणाऱ्यांचं काय?

'वेळेवर जेवा, वेळेवर झोपा' हा सल्ला देणं सोपं आहे. पण हिंजवडीतल्या कंपनीत अमेरिकेच्या वेळेनुसार काम करणारी मुलं, एमआयडीसीत दर आठवड्याला पाळी बदलणारे कामगार, हॉस्पिटलमधल्या परिचारिका, सुरक्षारक्षक, एसटीचे चालक-वाहक, पोलीस यांच्या हातात वेळ असतेच कुठे? पोटाच्या घड्याळाची सर्वात मोठी किंमत हेच लोक मोजतात.

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ३९९ परिचारिकांची माहिती घेण्यात आली. फक्त दिवसपाळी करणाऱ्यांमध्ये आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमची लक्षणं ३१ टक्के जणींत आढळली. पाळ्या बदलत राहणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होतं. झोपेचा दर्जा हिशोबात धरूनही हा फरक उरला. म्हणजे तक्रार फक्त झोप कमी पडल्याची नव्हती, वेळापत्रक सतत हलण्याचीही होती.

यावर थोडा दिलासा देणारं संशोधनही आहे. २०२१ मध्ये 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात १९ निरोगी तरुणांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं आयुष्य जगायला लावलं. एका गटाने रात्रीही जेवण घेतलं, दुसऱ्या गटाने जेवण फक्त दिवसा ठेवलं. रात्री खाणाऱ्यांची सरासरी रक्तशर्करा ६.४ टक्क्यांनी वाढली. दिवसा खाणाऱ्यांमध्ये लक्षणीय वाढ झाली नाही. याच प्रयोगाच्या २०२२ मधल्या विश्लेषणात रात्री खाणाऱ्या गटात उदास आणि चिंताग्रस्त मनःस्थितीची लक्षणंही वाढलेली दिसली. दिवसा खाणाऱ्यांत ती वाढली नाहीत.

प्रयोग छोटा होता, तोही प्रयोगशाळेतला. पण त्यातून एक कामाची गोष्ट कळते. झोपेची वेळ आपल्या हातात नसली, तरी जेवणाची वेळ काही प्रमाणात असू शकते.

रात्रपाळी करत नाही, मग काळजी नाही?

तसं नाही. सोमवार ते शुक्रवार सकाळी सहाला उठायचं आणि शनिवार-रविवार पहाटे तीनला झोपून अकराला उठायचं, हा अनेकांचा शिरस्ता असतो. याला जर्मन संशोधक टिल रोएनेबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सोशल जेट लॅग' असं नाव दिलं. विमानात न बसता दर आठवड्याला दुसऱ्या देशात जाऊन परत येण्यासारखंच हे आहे. सोमवारी सकाळी डोकं जड आणि पोट अडलेलं असेल, तर कारण रविवारच्या मटणात नाही, रविवारच्या वेळेत असू शकतं.

आतड्यातले जिवाणूही घड्याळ पाळतात का?

आपल्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते तंतुमय अन्न आंबवतात, काही जीवनसत्त्वं बनवतात आणि प्रतिकारशक्तीला वळण लावतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की या जिवाणूंचं प्रमाण आणि कामही दिवसाच्या वेळेनुसार बदलतं. ज्या उंदरांची दिवस-रात्र सतत मागेपुढे केली, त्यांच्यातली ही लय मोडली. लांबच्या विमानप्रवासाने जेट लॅग झालेल्या माणसांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडल्यावर ते उंदीर जास्त जाड झाले.

ताणाच्या बाबतीतही असाच धागा सापडतो. २००४ मध्ये जपानच्या क्यूशू विद्यापीठातील प्रयोगात आतड्यात जिवाणूच नसलेल्या उंदरांची ताणाला प्रतिक्रिया नेहमीपेक्षा तीव्र आढळली.

हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. त्यांच्यावरून लगेच महागडी प्रोबायोटिक घ्यायची गरज नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चाचण्यांपुरती वापरावीत, अशी भूमिका घेतली होती. जिवाणूंना हवं असलेलं तंतुमय अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी, उसळी, पालेभाज्या, फळं यांतून मिळतं. अर्थात आयबीएस असलेल्यांना उसळी बाधू शकतात. त्यांनी प्रमाण हळूहळू वाढवावं.

मग पोटाचं सगळं दुखणं ताणामुळेच असतं का?

नाही, आणि हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे. विसाव्या शतकात बराच काळ अल्सर हा ताण आणि तिखट खाण्याचा आजार मानला जायचा. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. मार्शल यांनी तर तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे सिद्ध केलं. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे अंगदुखी, डोकेदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्या.

'टेन्शन घेऊ नकोस, बरं वाटेल' असं सांगून या आजारांकडे दुर्लक्ष झालं तर ते महागात पडतं. खालीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टर गाठा.

- शौचातून रक्त जाणं किंवा डांबरासारखी काळी शौच होणं
- कारण नसताना वजन घटणं
- पोटदुखीने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येणं
- गिळायला त्रास होणं, सतत उलट्या होणं
- रक्ततपासणीत हिमोग्लोबिन कमी निघणं
- वयाच्या ४५-५०नंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलणं
- घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं

आणि एक फार महत्त्वाचं. छातीत दाब, घाम सुटणं, दम लागणं, दुखणं डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं, यापैकी काही होत असेल तर 'गॅस झालाय' म्हणून सोडा पिऊन वाट बघू नका. ते हृदयविकाराच्या झटक्याचं लक्षण असू शकतं. लगेच हॉस्पिटल गाठा.

आपल्या हातात काय आहे?

वेळ ठरवा. रोजच्या जेवणाच्या वेळा शक्यतो एक-दीड तासापेक्षा जास्त हलू देऊ नका. सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फार पुढे नेऊ नका. पोटाला पदार्थांपेक्षा आधी नियम कळतो.

रात्रीचं जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. घरी पोहोचायलाच दहा वाजत असतील, तर संध्याकाळी सात-आठला डब्यातली पोळी-भाजी खाऊन घ्या आणि घरी गेल्यावर ताक, सूप किंवा मऊ खिचडी एवढंच घ्या. जेवणानंतरची शतपावली ही आजीची सवय आजही कामाची आहे.

सकाळचा उजेड अंगावर घ्या. मेंदूचं घड्याळ त्यानेच लागतं. रात्री झोपण्याआधी मोबाईलचा झगझगीत प्रकाश आणि त्यावरच्या वादावादीची रील्स, दोन्ही कमी करा. एक घड्याळ बिघडवतं, दुसरं ताण वाढवतं.

रात्रपाळी असेल तर मुख्य जेवण ड्युटीला जाण्यापूर्वी करा. मध्यरात्री ते पहाटेच्या दरम्यान भूक लागलीच, तर थोडं आणि हलकं खा. कॅफिनचा असर अर्ध्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे पाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी टाळा. दिवसा झोपताना खोली पूर्ण अंधारी करा. मधुमेह असेल, इन्सुलिन किंवा इतर औषधं सुरू असतील किंवा गर्भवती असाल, तर जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

ताणासाठी सुरुवात छोटी करा. जेवायला बसल्यावर पाच संथ, पोटातून घेतलेले श्वास घ्या. फोन बाजूला ठेवा. ताटासमोर ऑफिसचा ग्रुप उघडला, की शरीर पुन्हा 'लढा किंवा पळा'च्या तयारीला लागतं. आयबीएसचा त्रास जुना असेल तर समुपदेशनाचाही उपयोग होतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटेरॉलॉजीच्या २०२१ मधल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अशा मानसोपचार पद्धती सुचवलेल्या आहेत. याचा अर्थ 'आजार मनाचा आहे' असा होत नाही. पोट आणि मेंदू यांच्या संवादात बिघाड झालाय आणि तो दोन्ही टोकांकडून दुरुस्त करता येतो, एवढाच त्याचा अर्थ.

ॲसिडिटीची गोळी महिनोन्महिने स्वतःच्या मनाने घेत असाल, तर एकदा डॉक्टरांना दाखवा. आणि जाण्यापूर्वी एक आठवडा वहीत तीन गोष्टी लिहा: किती वाजता खाल्लं, किती वाजता झोपलात आणि त्या दिवशी ताण किती होता. काय खाल्लं हे बहुतेकांना आठवतं. दुखण्याचा माग मात्र अनेकदा या तीन रकान्यांत सापडतो.